रीसेटनंतर ऑथेंटिकेटरचा कोड घेतच नाही? मग या क्रमाने बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं नेमकं कुठलं आहे ते बघा म्हणजे सगळं वाचत बसायला नको.

नवीन पासवर्ड बरोबर घेतो, पुढच्या पानावर सहा आकडी कोड मागतो, ऑथेंटिकेटर ॲपमधला (असे लॉगिनचे कोड दाखवणारं मोबाइल ॲप) कोड टाकला की चुकीचा म्हणतो, तीस सेकंद थांबून पुढचा टाकला तरी तेच. किंवा ॲपमध्ये एकाच अकाउंटच्या नावाच्या दोन ओळी दिसतायत आणि दोन्हीचे आकडे वेगळे. किंवा कंप्युटरवर दोन आकडी नंबर दिसतोय, "मोबाइलवर टाका" म्हणतोय, आणि मोबाइल ढिम्म. किंवा क्यूआर स्कॅन झाला पण शेवटच्या व्हेरिफायला गाडी अडते. किंवा एसएमएसच येत नाही. आणि सगळ्यात वैताग आणणारं म्हणजे गोल गोल फिरणं, लॉगिन करायला कोड पाहिजे आणि कोड सेट करायला आधी लॉगिन पाहिजे.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात कंप्युटरचं बघतो, प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून स्टाफच्या मेलपर्यंत जे बंद पडेल ते माझ्या टेबलावर येतं. शिक्षकांचं गूगल वर्कस्पेस, ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट ३६५, दोन्हीकडे टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा मंजुरी, सक्तीचं. ॲडमिशनच्या आणि परीक्षेच्या दिवसांत हटकून कोणीतरी मोबाइल बदलतं नाहीतर पासवर्ड विसरतं, मी रीसेट करून देतो आणि तासाभरात तोच माणूस दारात उभा, "सर, कोड चुकतोय." इतक्या वेळा झालंय की आता समोरच्याचा चेहरा बघून कळतं कुठे अडलंय.

एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं काम होतं. ॲपमधला कोड कुठूनही "येत" नाही. फोन फ्लाइट मोडला टाकून बघा, आकडे तरी बदलत राहतात. सेटअपच्या वेळी तुम्ही क्यूआर स्कॅन करता तेव्हा त्यातून एक गुप्त की, म्हणजे अक्षरा-आकड्यांची लांब किल्ली, फोनमध्ये जाते, तीच की सर्व्हरकडेही असते, आणि मग दोघंही त्या की वरून आणि त्या क्षणाच्या वेळेवरून दर ३० सेकंदांनी एकच गणित करतात. दोन पोरं दोन खोल्यांत बसून एकच पाढा एकाच घड्याळाच्या ठोक्यावर म्हणतायत असं समजा. उत्तर जुळलं की आत सोडतात, बस. ही पद्धत २०११ पासून आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या मानकात ठरलेली आहे, गूगलचं ॲप घ्या, मायक्रोसॉफ्टचं घ्या, सहा आकडी कोडचं गणित तेच.

म्हणून पासवर्ड रीसेट आणि टू-फॅक्टर रीसेट या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता पासवर्ड बदलला तर की बदलत नाही, ॲपमधली जुनी ओळ चालू राहते. टू-फॅक्टर रीसेट केलं तर सर्व्हर आपल्याकडची की फेकून देतो, पण तुमच्या फोनला ते कोणी कळवत नाही, तो बिचारा जुनाच पाढा म्हणत राहतो. आकडे छान बदलतात, बाजूचं वर्तुळ फिरतं, सगळं जिवंत दिसतं आणि कोड मात्र मेलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच.

तेव्हा सगळ्यात आधी, एक पैसा खर्च न करता, ज्याने रीसेट केलं त्याला विचारा की नक्की काय रीसेट केलं? फक्त पासवर्ड की टू-फॅक्टरपण? लोक हे विचारतच नाहीत आणि थेट ॲप अनइन्स्टॉल करतात. अहो, ते करू नका! त्या ॲपमध्ये तुमची बाकीची अकाउंटंही असतात, डिमॅटचं असेल, अजून कशाचं असेल, ॲप उडवलं आणि सिंक (कीजची ऑनलाइन प्रत) नसेल तर त्यांच्या कीज पण गेल्या. एकाचे दोन प्रॉब्लेम नाही, पाच होतात.

मग ॲप उघडून एकाच नावाच्या दोन ओळी आहेत का बघा. असतील तर दोन्हीचा कोड एकेकदा टाकून बघा, पण घाईने दहा वेळा नको, फार चुका झाल्या की बऱ्याच साइट अकाउंट थोडा वेळ लॉक करतात आणि मग बरोबर कोडही घेत नाहीत, आणि आपल्याला वाटतं हाही चुकला. जी ओळ चालली नाही ती लगेच डिलीट करू नका, तिच्यावर बोट दाबून धरलं की नाव बदलता येतं, "जुनं" असं लिहून ठेवा. मी स्वतः एकदा एका मॅडमची जुनी ओळ आत्मविश्वासाने उडवली होती आणि मग कळलं की रीसेट फक्त पासवर्डचा झाला होता, जिवंत ओळ तीच होती. चहा मलाच पाजावा लागला. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून गूगल अकाउंटला सिंक करायची सोय आहे, ती चालू असेल तर एका फोनवर डिलीट केलेलं दुसऱ्या फोनवरूनही जातं, हे पण लक्षात ठेवा.

याचीच दुसरी बाजू, जुन्या फोनमधून नव्या फोनमध्ये ट्रान्सफर केलं तर मेलेली ओळही सोबत येते. ट्रान्सफर म्हणजे फक्त नक्कल, त्याने की नवीन होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये बॅकअपमधून ऑफिसचं किंवा कॉलेजचं अकाउंट परत आणलं तर नाव दिसतं पण ते तसंच वापरता येत नाही, पुन्हा साइन-इन किंवा नवीन क्यूआर लागतोच. नाव दिसलं म्हणजे झालं असं समजून लोक तिथेच अडकतात.

आता घड्याळ. हे फुकट आहे आणि दोन मिनिटांचं आहे तरी लोक शेवटी बघतात. सर्व्हर साधारण एखादा कोड मागेपुढे चालवून घेतो, म्हणजे अर्ध्या मिनिटाची सूट, त्यापलीकडे नाही. सेटिंग्जमध्ये डेट अँड टाइममध्ये जाऊन वेळ आणि टाइम झोन दोन्ही ऑटोमॅटिक करा. आयफोनला जनरलमध्ये आहे, सॅमसंगला जनरल मॅनेजमेंटमध्ये, बाकी बहुतेक अँड्रॉइडना सिस्टीममध्ये. आधीच ऑटोमॅटिक असेल तर एकदा बंद करून परत चालू करा.

यातली मजेदार केस सांगतो. आमच्याकडच्या एका क्लार्कचा भाऊ दुबईहून सुट्टीला आला, जाताना आपला फोन भावाला देऊन गेला. फोनवर वेळ एकदम बरोबर, भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिट जुळत होतं, मीपण बघून म्हटलं घड्याळ ठीक आहे, आणि पाऊण तास दुसरीकडेच शोधत बसलो. नंतर पाहिलं तर टाइम झोन दुबईचाच होता, ऑटोमॅटिक बंद, आणि त्याने हाताने काटे दीड तास पुढे करून भारताची वेळ लावली होती. स्क्रीनवर वेळ बरोबर दिसते पण फोनच्या पोटात जागतिक वेळ धरलेली असते, ती दीड तास पुढे पळालेली, आणि कोड त्या पोटातल्या वेळेवर निघतो. म्हणजे फोन १८० कोड पुढचा कोड दाखवत होता! झोन नीट केला, कोड लगेच चालला. तेव्हापासून मी वेळ बघत नाही, झोन बघतो. गल्फवरून आलेला फोन असेल तर आधी तेच. (ई-वे बिलवाल्यांचं एनआयसीचं जीएसटी शील्ड ॲप आहे त्यातला कोडही दर तीस सेकंदांनी बदलतो आणि त्यालाही वेळ जुळलेली लागते, तिथेही हाच उपाय.)

ओळ नवीन आहे, घड्याळ बरोबर आहे, तरी सेटअपच्या शेवटच्या पायरीला कोड चुकतोय? मग ब्राउझरमधले टॅब मोजा. बऱ्याच साइटवर सेटअपचं पान रीफ्रेश केलं की नवीन की तयार होते. तुम्ही सकाळी एका टॅबमध्ये क्यूआर उघडून स्कॅन केला, मध्ये कोणीतरी बोनाफाइड मागायला आलं, परत येऊन पान रीफ्रेश केलं आणि सकाळच्या ओळीचा कोड आताच्या पानावर टाकला, तर कसा चालेल? सगळे टॅब बंद करा, इनकॉग्निटो विंडो (ब्राउझरची खाजगी विंडो, त्यात आधीचं लॉगिन नसतं) उघडा, एकाच पानावर स्कॅन करा आणि त्याच पानावर लगेच कोड टाका. इनकॉग्निटो का, तर नेहमीच्या ब्राउझरमध्ये दुसरंच घरचं जीमेल लॉगिन असतं आणि आपण ऑफिसच्या अकाउंटचं टू-फॅक्टर समजून घरच्याचं सेट करून बसतो. हसू नका, होतं.

आणि स्कॅन कशाने केलं? आपल्याकडे क्यूआर दिसला की हात आपोआप पेमेंटच्या ॲपकडे जातो. आमच्या लॅबमधल्या काकांनी तीन वेळा पेमेंट ॲपनेच स्कॅन केलं आणि "सर, हे पैसे घेत नाहीये" म्हणाले. स्कॅन ऑथेंटिकेटर ॲपच्या आतल्या अधिकच्या चिन्हावरूनच करायचं. प्ले स्टोअरवर ऑथेंटिकेटर शोधलं की त्याच रंगाची, तशाच नावाची डझनभर ॲप्स येतात, काही आठवड्याला पैसे मागतात. खाली डेव्हलपरचं नाव गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट आहे का ते वाचून मगच घ्या, ही दोन्ही फुकट आहेत.

मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला इथे एक खास गोची आहे. त्यांचं सेटअप पान आधी जो क्यूआर देतं तो त्यांच्याच ॲपसाठी असतो, नोटिफिकेशनवाला. तो गूगलच्या ॲपने स्कॅन केला की ते ॲप म्हणतं क्यूआर चुकीचा आहे. क्यूआर चुकीचा नाहीये, दार चुकलंय. त्याच पानावर बारीक अक्षरात "मला दुसरं ऑथेंटिकेटर ॲप वापरायचंय" अशा अर्थाची लिंक असते, ती दाबली की दुसरा क्यूआर येतो, तो कुठल्याही ॲपला चालतो.

कॅमेरा फुटलेला असेल किंवा सेटअप त्याच मोबाइलवर करताय म्हणून स्कॅन करता येत नसेल तर की हाताने टाकायची. तिथे दोन चुका होतात. एक, या कीमध्ये इंग्रजी अक्षरं आणि फक्त २ ते ७ हे आकडे असतात, शून्य, एक, आठ, नऊ कधीच नसतात, तेव्हा गोल दिसलं की ते ओ आणि उभी रेघ दिसली की ते आय किंवा एल, आकडा नाही. दुसरी, गूगलच्या ॲपमध्ये की टाकताना खाली प्रकार विचारतो, वेळेवर आधारित की काउंटरवर, तिथे वेळेवरच पाहिजे. चुकून काउंटर निवडलं की कोड येतो पण आपोआप बदलत नाही, त्यावरून ओळखायचं. आणि तो कीचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवू नका, ज्याच्याकडे की त्याच्याकडे तुमचे कोड, कायमचे.

नोटिफिकेशन येत नाही, ही तक्रार असेल तर आधी ॲप हाताने उघडा, पुष्कळदा विनंती आत येऊन पडलेली असते, फक्त बॅटरी सेव्हरने वाजू दिलेली नसते. आतही नसेल तर जुन्या फोनची नोंद रीसेटमध्ये पुसली गेलीय, आता कितीही वाट बघा काही येणार नाही. ओळ काढून पुन्हा क्यूआरच घ्यावा लागेल.

एसएमएसवाल्यांसाठी थोडक्यात. सिम नुकतं बदललं असेल, हरवलं म्हणून किंवा ई-सिम केलं म्हणून, तर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना हे करायला सांगितलं, कारण चोर डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवतात. तेव्हा नव्या सिमवर कोड येत नाही म्हणून फोन रीसेट करू नका, उद्या बघा. बाकी स्पॅमचा फोल्डर बघा, आणि दुसऱ्या स्लॉटमधल्या सिमचा रिचार्ज संपून किती दिवस झाले ते पण, कारण पुढे इनकमिंगही बंद होतं.

इथपर्यंत काही झालं नाही तर बॅकअप कोड शोधा, म्हणजे अडीअडचणीला वापरायला आधीच काढून ठेवलेले कोड. गूगल एका वेळी १० देतं, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. कपाटात, डायरीत, मेलच्या प्रिंटआउटमध्ये कुठेतरी असतील. फक्त मधे कधी नवीन संच काढला असेल तर जुना सगळा बाद होतो, कागदावर तारीख लिहिलेली नसेल तर कुठला नवा ते कळत नाही, म्हणून मी तारीख लिहायला लावतो. आणि टू-फॅक्टर पूर्ण रीसेट झालं असेल तर जुन्या कागदावर अवलंबून राहू नका.

आता ते गोल फिरणं. हे तुमच्याकडून सुटणार नाही, कितीही हुशार असा, आणि इथे तासनतास घालवू नका, ॲडमिनकडे जा. कारण असं की संस्थेने टू-फॅक्टर सक्तीचं केलेलं असतं आणि तुमच्याकडे आता एकही पद्धत नोंदवलेली नसते, त्यामुळे दार आत गेल्यावरच उघडणार अशी अवस्था. ॲडमिनला नुसतं "चालत नाही" सांगू नका, नेमकं मागा. गूगलवाल्याला म्हणा, माझ्या नावावर बॅकअप कोड काढून द्या, किंवा तेवढ्यापुरतं सक्तीतून बाहेर काढा, मी सेट केलं की परत घाला. मायक्रोसॉफ्टवाल्याला म्हणा, पुन्हा नोंदणीची सक्ती टाका आणि टेम्पररी ॲक्सेस पास (लॉगिनसाठीचा तात्पुरता कोड) द्या, तो ठरावीक वेळच चालतो म्हणून मी तुमच्यासमोरच बसून सेट करतो. मी स्वतः ॲडमिन आहे तरी सांगतो, असं बोलणारा माणूस आला की दहा मिनिटांत काम होतं. समोर बसून करायचं दुसरं कारण म्हणजे फोनवरून "मी अमुक सर बोलतोय, रीसेट करा" असं कोणीही म्हणू शकतं, त्यामुळे तुमचा ॲडमिन ओळख विचारत असेल तर चिडू नका.

घरचं फुकटचं गूगल अकाउंट असेल तर ॲडमिन नसतो, गूगलचं अकाउंट रिकव्हरीचं पान हाच एक रस्ता. नेहमीच्या कंप्युटरवरून, नेहमीच्या वायफायवरून करा, कारण ओळखीची जागा आणि ओळखीचं यंत्र याला वजन असतं. रिकव्हरी नंबर याच आठवड्यात बदलला असेल तर जुना नंबरही धरून ठेवा, बदलल्यावर ७ दिवस गूगल जुन्या नंबरवरही कोड पाठवायची सोय देऊ शकतं. आणि सर्चमध्ये सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरला फोन करायचा नाही. फुकटच्या जीमेलसाठी असा माणूस बसलेला नसतो, तो स्क्रीन शेअर करायला लावणारा चोरच असतो.

काही वेळा मात्र सगळं तिथल्या तिथे थांबवायचं. रीसेट तुम्ही केलेलाच नाही, ॲडमिननेही नाही, तरी "तुमचा पासवर्ड बदलला" असा मेल आला. किंवा तुम्ही लॉगिन करत नसताना मंजुरी मागणारं नोटिफिकेशन येतंय, तिथे "नाही" दाबा, आणि फोन करून कोणी नंबर सांगत असेल तर तो टाकू नका. किंवा मोबाइलची रेंज अचानक पूर्ण गेली आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या सिमला आहे. यातलं काही असलं की कोड कसा चालवायचा हा प्रश्नच राहत नाही, कोणीतरी आत शिरतंय. सिमकंपनी, ॲडमिन, बँक या सगळ्यांना लगेच कळवा आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन.

आत शिरलात का? मग ती विंडो बंद करू नका, अजून काम संपलं नाही. ती उघडीच ठेवून दुसऱ्या इनकॉग्निटो विंडोत नव्या कोडने लॉगिन होतं का बघा, काही चुकलं असेल तर पहिल्या विंडोतून दुरुस्त करता येतं, बंद केली असती तर परत गोल गोल. दुसरी पद्धतही जोडा, ॲप असेल तर सोबत नंबर, आणि नवीन बॅकअप कोड काढून कागदावर, तारखेसकट. हे सगळं झाल्यावर "जुनं" लिहिलेली ओळ आता उडवा.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेलं मेलला जात नाही अशी तक्रार आली तर घाबरू नका. गूगल अकाउंटचा पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड (टू-फॅक्टर न चालणाऱ्या यंत्रांसाठी काढलेले वेगळे पासवर्ड) बाद होतात, आणि त्या मशीनमध्ये कोणीतरी तीन वर्षांपूर्वी तोच टाकून ठेवलेला असतो. नवीन ॲप पासवर्ड काढून मशीनमध्ये टाकायचा. आमच्याकडे तो टाकायला मशीनचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड लागतो, आणि तो कोणालाच आठवत नाही, पण ते परत कधीतरी.